गरम पेयं आणि थंड कोला : मॉर्मन समाजात चहा-कॉफीचा नियम कसा चालतो?

आजचा विषय चहा-कॉफीचा आहे, पण आपल्याकडच्या नव्हे, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या. सुरुवातीलाच एक कोडं घालतो.

समजा, सॉल्ट लेक सिटीमधली एक श्रद्धाळू मॉर्मन बाई आहे. सकाळी कामावर जाताना ती गाडीतूनच एका सोड्याच्या दुकानाच्या खिडकीशी थांबते आणि एक लिटर डाएट कोक घेते. त्यात नारळाचं सिरप, लिंबू, वर थोडं क्रीम. एक लिटर डाएट कोकमध्ये साधारण १३० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे कपभर कॉफीपेक्षा जास्तच. हीच बाई ऑफिसात पोचते. तिथे कोणी तिच्यापुढे डिकॅफ कॉफी ठेवतं, कॅफिन काढून टाकलेली, कपात जेमतेम दोन ते पाच मिलिग्रॅम उरलेलं. आणि ती म्हणते, "नको, आमच्यात चालत नाही."

बाहेरच्या माणसाला हे बघून हसू येतं. ढोंग वाटतं, नाहीतर अज्ञान. माझं म्हणणं असं की ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. या बाईच्या वागण्यात तर्क आहे. फक्त तो रसायनशास्त्राचा तर्क नाही, नियमाचा तर्क आहे. तो कसा तयार झाला, हे समजायला आपल्याला जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

एक खुलासा आधी करतो. 'मॉर्मन' हे लोकांनी पाडलेलं नाव. संस्थेचं अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ साली त्यांचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नावच वापरा, असा आग्रह धरला. जगभरात त्यांचे १ कोटी ७० लाखांहून जास्त सदस्य आहेत. व्याख्यानाच्या सोयीसाठी मी 'मॉर्मन' म्हणणार आहे, त्यात अनादर नाही.

१८३३ : दुकानाच्या माडीवरची खोली

ओहायो राज्यातलं कर्टलंड नावाचं छोटं गाव. तिथे न्यूएल व्हिटनी यांच्या दुकानाच्या माडीवर पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ आपल्या प्रचारकांची शाळा घेत. ब्रिगम यंग यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलेली हकीकत अशी, की ही मंडळी जमली की आधी पाईप पेटवत, तंबाखू चघळत आणि तिथेच जमिनीवर थुंकत. स्मिथ बोलायला उभे राहत ते धुराच्या लोटात. ती जमीन घासायचं काम स्मिथ यांच्या पत्नी एमा यांच्याकडे यायचं, आणि त्यांनी तक्रार केली. ही तक्रार आणि तो धूर, यांतून स्मिथ यांनी देवाला विचारलं, आणि २७ फेब्रुवारी १८३३ रोजी त्यांना जे उत्तर मिळालं असं मानलं जातं, त्याला म्हणतात 'वर्ड ऑफ विज्डम', शहाणपणाचा शब्द. त्यांच्या धर्मग्रंथांपैकी 'डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स' या ग्रंथाचा तो ८९ वा विभाग.

त्यात काय आहे? थोडक्यात सांगतो. कडक दारू पिऊ नये. तंबाखू शरीरासाठी नाही, ती जखमेला लावायला आणि आजारी गुरांना द्यायला. गरम पेयं शरीरासाठी नाहीत. धान्य, भाजीपाला, फळं आपापल्या हंगामात खावीत. मांस बेतानं खावं, शक्यतो हिवाळ्यात किंवा दुष्काळात. जो हे पाळेल त्याला आरोग्य आणि ज्ञान मिळेल.

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. पहिली : यात चहा हा शब्द नाही, कॉफी हा शब्द नाही, कॅफिन तर नाहीच नाही. शब्द आहे 'गरम पेयं'. दुसरी : मजकुराच्या सुरुवातीलाच म्हटलंय की ही आज्ञा म्हणून किंवा सक्ती म्हणून दिलेली नाही. हा सल्ला आहे, आणि तो दुबळ्यातल्या दुबळ्या माणसालाही झेपेल असा आहे.

हे आकाशातून पडल्यासारखं वाटू नये म्हणून त्या काळाबद्दल एक वाक्य. १८२६ साली बॉस्टनमध्ये 'अमेरिकन टेम्परन्स सोसायटी' स्थापन झाली होती, दारूबंदीची चळवळ गावोगाव पसरत होती, आणि सिल्व्हेस्टर ग्रॅहमसारखे आहारसुधारक चहा-कॉफीनं पचन आणि मज्जासंस्था बिघडते असं सांगत फिरत होते. म्हणजे हा प्रश्न त्या काळच्या हवेतच होता.

'गरम' म्हणजे काय?

गरम पेयं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न लगेचच आला. मग गरम सूप चालतं का? गरम दूध? १८४२ साली जोसेफ स्मिथ यांचे थोरले भाऊ हायरम यांनी पंथाच्या 'टाइम्स अँड सीझन्स' या नियतकालिकात खुलासा केला : गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी. त्या काळी घरोघरी गरम गरम प्यायलं जाणारं पेय म्हणजे हीच दोन.

या खुलाशानं एक मोठी गोष्ट झाली. 'गरम' हा शब्द तापमानापासून सुटला आणि दोन वस्तूंचं नाव बनला. म्हणून आज कोको चालतो, तो कितीही वाफाळता असो. आणि बर्फ घातलेली कॉफी चालत नाही, ती कितीही थंड असो.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. उपासाला धान्य चालत नाही, पण साबुदाणा आणि बटाटा चालतो. पोट किती भरतं किंवा कॅलरी किती, यावर ते कोणी ठरवत नाही. कोणता पदार्थ यादीत आहे, यावर ठरतं. नियम एकदा वस्तूंच्या नावाला चिकटला की मूळ कारण मागे राहतं आणि यादी पुढे चालत जाते.

सल्ल्याचा कायदा कसा झाला

१८४७ मध्ये ब्रिगम यंग आपल्या लोकांना घेऊन युटाच्या खोऱ्यात पोचले. वाटेत आणि तिथे पोचल्यावरही चहा-कॉफी सर्रास प्यायली जायची. १८५१ च्या अधिवेशनात चहा, कॉफी, तंबाखू, व्हिस्की सोडायचा ठराव झाला, हात वर झाले, आणि लोक घरी जाऊन कॉफी प्यायले. खुद्द यंग यांनाही तंबाखू सोडताना त्रास झाला.

यंग यांच्या मनात आरोग्याबरोबर हिशेबही होता. चहा आणि कॉफी युटात पिकत नव्हती. ती बाहेरून यायची आणि रोख पैसा बाहेर जायचा. वाळवंटात नव्यानं वसलेल्या समाजाला ते परवडणारं नव्हतं. त्याऐवजी तिथल्या माळावर उगवणाऱ्या एफेड्रा जातीच्या झुडपाच्या काड्या उकळून पीत. त्याला आजही 'मॉर्मन टी' किंवा 'ब्रिगम टी' म्हणतात. चहा सोडलेल्या लोकांच्या नावानं एक चहा आहे, ही त्यातली गंमत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चित्र असंच ढिलं होतं. यातला कोणता भाग महत्त्वाचा, हेही ठरलेलं नव्हतं. १८९८ मध्ये अध्यक्ष झालेले लोरेन्झो स्नो यांचा भर चहा-कॉफीपेक्षा मांस टाळण्यावर होता. म्हणजे इतिहासानं थोडं वेगळं वळण घेतलं असतं, तर आज मॉर्मन लोक शाकाहारासाठी ओळखले गेले असते!

मग वळण कुठे आलं? १८९० साली पंथानं बहुपत्नीत्व अधिकृतपणे सोडलं. तोवर 'आम्ही इतरांपेक्षा वेगळे' हे दाखवणारी सर्वांत ठळक खूण तीच होती. ती गेल्यावर नवी खूण हवी होती, आणि ती अशी की अमेरिकेला तिचा राग येणार नाही, उलट आदर वाटेल. टॉमस अलेक्झांडर यांच्यासारख्या इतिहासकारांनी हा बदल तपशिलात मांडला आहे. देशभर दारूबंदीचं वारं होतं. १९०६ साली पंथाच्या नेत्यांनी प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षारसाऐवजी पाणी वापरायला सुरुवात केली. १९१८ मध्ये हेबर ग्रँट अध्यक्ष झाले, ते या बाबतीत अतिशय कडक. आणि १९२१ च्या सुमारास अट पक्की झाली : मंदिरात प्रवेशाचा परवाना हवा असेल, तर वर्ड ऑफ विज्डम पाळलाच पाहिजे.

पण मांस बेतानं खावं हा भाग अटीत आला नाही. तो मजकुरात तसाच आहे, आजही वाचला जातो, आणि परवान्यासाठी त्याबद्दल कोणी विचारत नाही. युटातल्या बार्बेक्यूंना काही धक्का लागलेला नाही.

कॅफिन कुठून आलं?

कॅफिन हा पदार्थ फ्रीडलीब रुंगं या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८१९ मध्ये वेगळा काढला. कर्टलंडमधल्या त्या खोलीत त्याचं नाव कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कोकाकोला आला १८८६ मध्ये. म्हणजे मूळ मजकुरानंतर ५३ वर्षांनी.

विसाव्या शतकात शिकलेल्या मॉर्मन लोकांना प्रश्न पडू लागला की चहा आणि कॉफी या दोघांतच काय वाईट आहे? दोघांत समान काय? विज्ञानानं उत्तर तयार ठेवलं होतं : कॅफिन. जॉन विट्सो हे पंथाच्या बारा प्रेषितांपैकी एक, आणि जर्मनीत डॉक्टरेट केलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पत्नी लीआ यांच्याबरोबर १९३७ मध्ये वर्ड ऑफ विज्डमचा आधुनिक अर्थ सांगणारं पुस्तक लिहिलं. कॅफिनसारखी उत्तेजकं शरीराला अपायकारक आहेत, असं स्पष्टीकरण त्यातून घरोघरी गेलं. आणि एकदा कारण कॅफिन ठरलं, की कोला आपोआप संशयित झाला.

इथे नियमांचा एक स्वभाव दिसतो. नियमाला कारण जोडलं की नियम पसरायला लागतो. कारण नंतरचं आहे, हे लोक विसरतात. कितीतरी मॉर्मन घरांत मुलं 'कोक पिणं पाप' असं ऐकत वाढली. शेजारच्या मॉर्मन घरात मात्र फ्रीजमध्ये कोकचे कॅन असायचे. १९७२ मध्ये पंथानं सांगितलं की कोलाबद्दल आमची अधिकृत भूमिका नाही, पण सवय लावणारे हानिकारक पदार्थ टाळावेत असा आमचा सल्ला आहे. या एका वाक्यात दोन्ही घरांना आपापला पुरावा सापडला!

अखेर २०१२ साली खुलासा झाला. मिट रॉम्नी अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते, सगळ्या अमेरिकेचं लक्ष मॉर्मन लोकांकडे होतं. एका मोठ्या दूरचित्रवाहिनीनं कार्यक्रमात म्हटलं की यांना कॅफिन वर्ज्य आहे. त्यावर पंथानं आपल्या संकेतस्थळावर लिहिलं की तसं नाही. 'गरम पेयं' याचा अर्थ चहा आणि कॉफी, त्यापलीकडे तो जात नाही. तरीही प्रोव्हो इथल्या त्यांच्या ब्रिगम यंग विद्यापीठात कॅफिनवाला सोडा विकायला सुरुवात झाली ती २०१७ च्या सप्टेंबरमध्ये. पाच वर्षं लागली.

मग उलट्या बाजूचा प्रश्न आला. तरुण पोरं विचारू लागली, मोका, लाटे, फ्रॅपे ही काय कॉफी का? आणि ग्रीन टी तर आरोग्याला चांगला म्हणतात! २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंथाच्या तरुणांसाठीच्या 'न्यू एरा' मासिकानं उत्तर दिलं. ग्रीन टी आणि काळा चहा एकाच झाडाची पानं, तेव्हा दोन्ही चहाच. थंड केला तरी चहा तो चहा आणि कॉफी ती कॉफी. फॅन्सी नावं असतील तर आत काय आहे ते विचारून घ्या.

आता आपलं कोडं सुटतं. नियम वनस्पतीवर आहे, रेणूवर नाही. चहाचं झाड आणि कॉफीचं झाड. म्हणून डिकॅफ बहुतेक जण टाळतात आणि डाएट कोक पितात. अर्जेंटिनातले मॉर्मन येर्बा माते पितात. त्यात कॅफिन आहे आणि ते गरम असतं, पण ते तिसरंच झाड. जपानमधल्या मॉर्मनना ग्रीन टी चालत नाही, पण भाजलेल्या सातूचं मुगिचा चालतं.

रोजचं जगणं

नियम एक दार बंद करतो तेव्हा लोक शेजारी दुसरं उघडतात. एकेकाळी ते दार 'पोस्टम' होतं. गहू आणि काकवी भाजून केलेलं, कॉफीसारखं दिसणारं पेय, सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी १८९५ मध्ये बाजारात आणलेलं. मॉर्मन घरांत त्याचा डबा असायचाच. २००७ मध्ये क्राफ्ट कंपनीनं ते बंद केलं तेव्हा बरेच जण हळहळले. २०१२ मध्ये ते दुसऱ्या कंपनीनं पुन्हा सुरू केलं.

आजचं दार म्हणजे सोड्याची दुकानं. 'स्विग' नावाचं पहिलं दुकान २०१० मध्ये युटातल्या सेंट जॉर्ज गावी निघालं. सोड्यात सिरप, क्रीम, फळांचा गर, याला म्हणतात 'डर्टी सोडा'. 'डर्टी' या शब्दावरून दोन दुकानांत कोर्टकचेरीही झाली! यात नवल नाही. माणसाला फक्त उत्तेजक नको असतं. कामातून उठायचं निमित्त हवं असतं, मैत्रिणीला भेटायची जागा हवी असते, हातात धरायला काहीतरी हवं असतं. आपल्याकडे चहाची टपरी जे काम करते, ते तिथे सोड्याचं दुकान करतं.

पण या विषयाची एक बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. मंदिराचा परवाना दर दोन वर्षांनी नव्यानं घ्यावा लागतो. आधी स्थानिक बिशप आणि मग त्यांच्या वरचे पदाधिकारी समोर बसवून ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांत हा एक असतो : वर्ड ऑफ विज्डम पाळता का? कोणी रक्त तपासत नाही, घर तपासत नाही. फक्त विचारतात. कॉफी प्यायली म्हणून कोणाला पंथाबाहेर काढत नाहीत. पण खरं उत्तर 'नाही' असेल, तर परवाना मिळत नाही. आणि परवाना नसेल तर मंदिरातल्या विवाहविधीला आत जाता येत नाही. आपल्या मुलीचं लग्न आत चाललंय आणि आई-वडील बाहेर बाकावर बसलेत, असं अनेक कुटुंबांत झालं आहे. काही पंथात नसतात म्हणून, काही परवाना नाही म्हणून. २०१९ मध्ये एक नियम शिथिल झाला. आधी सर्वांसमक्ष कायदेशीर लग्न करून मग वर्षभर न थांबता मंदिरात विधी करता येतो. त्यानं बऱ्याच घरांचं दुःख हलकं झालं. पण कपभर कॉफीची किंमत किती असू शकते, ते यावरून कळतं.

शिवाय जिथे चहा म्हणजे पाहुणचार, तिथे नव्यानं पंथात आलेल्या माणसाचं बघा. आजीनं पुढे केलेला कप त्यानं नाकारला तर तिला काय कळणार? तिला वाटणार, नातवानं आपल्याला नाकारलं.

म्हणूनच मला वाटतं, 'यात वैज्ञानिक काय?' हा प्रश्न इथे अपुरा पडतो. हा नियम आज दिवसातून दोनदा-तीनदा माणसाला आठवण करून देतो की आपण कोण आहोत. ज्याला ही आठवण हवीशी वाटते, त्याला नियम सोपा जातो. ज्याला ती ओझं वाटते, त्याला डिकॅफही महाग पडते. दोघंही एकाच बाकावर बसलेले असतात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : आरोग्याच्या दृष्टीनं त्यांना फायदा झाला का?*

तंबाखू आणि दारूच्या बाबतीत निश्चित. अमेरिकेत धूम्रपानाचं सर्वांत कमी प्रमाण युटात आहे. चहा-कॉफीबद्दल तसं म्हणता येणार नाही, बेतानं घेतलेली कॉफी अपायकारक असल्याचं आजचं संशोधन सांगत नाही. मात्र एक गंमत. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेसाठी बहुधा कर्करोगकारक असल्याचं म्हटलं. म्हणजे मूळ मजकुरातला 'गरम' हा शब्द खरा ठरला म्हणायचं, तर मग कोकोही फुंकून प्यावा लागेल!

*प्रश्न : केकमध्ये किंवा तिरामिसूमध्ये कॉफी असेल तर?*

याची अधिकृत यादी नाही. कोणी खातं, कोणी ताट बाजूला सारतं. प्रत्येकानं आपल्या विवेकानं ठरवावं, असंच साधारण सांगतात. आणि खरं म्हणजे, नियम पाळण्याचा बराचसा भाग अशा न लिहिलेल्या जागांमध्येच घडतो.

*प्रश्न : माझी मुलगी युटात असते. शेजारी मॉर्मन आहेत. घरी आले तर त्यांना काय द्यायचं?*

फार चांगला प्रश्न. मसाला चहा नको, त्यात चहापत्ती आली. पण नुसत्या गवती चहाचा काढा चालावा, नावात चहा असला तरी ते गवत आहे. हळदीचं दूध, कोकम सरबत, पन्हं, काहीही चालेल. फक्त द्यायच्या आधी आत काय काय आहे ते सांगा. आणि 'एक घोट घेऊन तर बघा' असा आग्रह करू नका. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम. त्यांना मात्र दोनदा 'नको' म्हणावं लागणं अवघड होतं.